बसतो, पण चालतो का?

गाडीच्या सुट्या भागांच्या दुनियेत दोन क्रियापदांवर सगळा कारभार चालतो. एक 'बसतो' आणि दुसरं 'चालतो'. दुकानदार म्हणतो, "बसतो साहेब, बिनधास्त न्या." गॅरेजवाला म्हणतो, "चालतो की! आपण सगळ्यांना हाच टाकतो." दोघंही खोटं बोलत नसतात. पण या दोन शब्दांच्या मध्ये जी बारीकशी फट आहे ना, तिच्यातून कधीकधी अख्खं इंजिन वाहून जातं.

मी बोलतोय ते ऑइल फिल्टरबद्दल. मुठीएवढा डबा, किंमत शे-दोनशे रुपये. सर्व्हिसिंगच्या बिलात ऑइलच्या खाली एका ओळीत उरकलेला. त्याच्याबद्दल कुणी काही लिहावं असं त्यात काय आहे, असं वाटणं साहजिक आहे. मलाही २०१४ पर्यंत तसंच वाटायचं.

त्या वर्षी गणपतीला माझा डोंबिवलीचा मामा गाडीने चिपळूणला निघाला होता. सोबत मामी आणि मागच्या सीटवर मखराचं सामान. आठवड्यापूर्वीच सर्व्हिसिंग झालेलं. कशेडी घाट चढताना मामीने विचारलं, "अहो, हा लाल दिवा कसला लागलाय?" घाटात मागे एसटी, पुढे ट्रक... थांबायला जागा मिळेपर्यंत दोन वळणं गेली. तेवढ्यात इंजिनातून ठक-ठक असा आवाज आला आणि गाडी बंद पडली. मागे बघितलं तर डांबरावर तेलाची जाड रेघ. चेंबरमध्ये ऑइल जवळजवळ नव्हतंच. फिल्टर जागेवरच होता, पण हाताने हलत होता, आणि त्याचं रबरी वायसर एका बाजूने जिभेसारखं बाहेर आलेलं.

बेअरिंगं गेली, क्रँकशाफ्ट घासावा लागला. मामाने व्हीआरएसच्या पैशातून घेतलेली गाडी होती. खर्च झाला त्यापेक्षा त्याला लागलं ते गॅरेजवाल्याचं उत्तर. "बसला होता ना साहेब! हाताने फिट्ट बसला होता."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण तो माणूस लबाड नव्हता, खरंच बसला होता तो. मग सुटला कसा? मामाकडून तो फिल्टर मागून घेतला आणि व्हर्नियर घेऊन बसलो.

गंमत अशी आहे की बाहेरून अगदी जुळ्या भावांसारख्या दिसणाऱ्या डब्यांचे आटे वेगवेगळे असतात. सर्रास आढळणारे दोन. एक पाऊण इंची, इंचाला १६ आटे. दुसरा २० मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर पिचचा. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना पहिला लागतो, होंडाच्या गाड्यांना दुसरा. एकाच देशातल्या कंपन्या, पण एकीकडे इंच आणि दुसरीकडे मिलिमीटर! आता पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. त्यातल्या १६ आट्यांची पिच निघते १.५९ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे दोन्ही आटे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की पाऊण इंची स्टडवर २० मिलिमीटरचा फिल्टर सरळ चढतो. किंचित सैल वाटतो, पण फिरत जातो आणि शेवटी वायसर टेकलं की घट्टही लागतो. उलटं मात्र होत नाही. २० मिलिमीटरच्या स्टडवर पाऊण इंची फिल्टर चढतच नाही, तिथे चूक लगेच कळते. निसर्गाने एका बाजूला दार ठेवलंय आणि दुसऱ्या बाजूला नुसताच पडदा.

हिशोब करून पाहिला. पाऊण इंची स्टडवर बरोबर जोडीचा फिल्टर असेल तर आटे एका बाजूला साधारण ०.८६ मिलिमीटर एकमेकांत रुततात. २० मिलिमीटरचा फिल्टर त्याच स्टडवर चढवला तर फक्त ०.३४. निम्म्याहून कमी. शिवाय पिच जुळत नसल्यामुळे सगळे आटे सारखा भार घेत नाहीत, एखाद-दुसराच बिचारा ओझं वाहतो. आणि ओझं किती? वायसरच्या आतलं वर्तुळ साडेपाच-सहा सेंटीमीटरचं धरा, म्हणजे क्षेत्रफळ झालं २४ ते २८ चौरस सेंटीमीटर. तेलाचा दाब चढावर, जास्त आरपीएमला, चौरस सेंटीमीटरला चार किलो सहज असतो. म्हणजे एक मध्यम बांध्याचा... जाऊ द्या, चांगला शंभर किलोच्या आसपासचा माणूस त्या डब्याला धरून सतत लोंबकळतोय आणि वर इंजिन त्याला हलवतंय. आठ दिवस टिकला हेच नवल.

आणि वायसर एकदा सरकलं की फार वेळ मिळत नाही. वेगात असताना लहान गाडीचा पंपसुद्धा मिनिटाला वीस-तीस लिटर तेल फिरवत असतो आणि चेंबरमध्ये असतं तीन-साडेतीन लिटर. लाल दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेलाच असतो. त्यामुळे मामाने दोन वळणं घेतली म्हणून त्याला बोल लावणाऱ्या नातेवाइकांना मी हा हिशोब मुद्दाम ऐकवला. (कुणी शेवटपर्यंत ऐकला नाही, ती गोष्ट वेगळी.)

तेव्हापासून एक खूळ लागलं ते लागलंच. नाना पेठेत गेलो की एखादा फिल्टर घेऊन यायचा आणि कापायचा. हॅकसॉने कापू नका, सगळा लोखंडाचा भुगा कागदात जातो आणि मग आतलं काय नि आपलं काय ते कळत नाही. डबे उघडायच्या कटरसारखी फिरती चकती असलेलं हत्यार मिळतं, त्याने कडेने गोल फिरवत कापला की स्वच्छ उघडतो. बायकोचं यावर एकच म्हणणं आहे, की नवी वस्तू दुकानातून आणून तोडणारा माणूस तिने दुसरा पाहिलेला नाही.

आत काय असतं? तोंडाशी जाड पत्र्याची चकती, मधोमध आट्यांचं भोक आणि भोवती लहान भोकांची माळ. तेल कडेच्या भोकांतून आत येतं, कागदाच्या घड्यांमधून बाहेरून आत झिरपतं, मधल्या जाळीदार नळीत पोचतं आणि मधल्या भोकातून इंजिनात जातं. पुष्कळांना हे उलटं वाटतं. कडेच्या भोकांवर आतून एक रबरी पडदा असतो. इंजिन बंद झालं की तो भोकं झाकतो, म्हणजे तेल उलटं चेंबरमध्ये ओघळत नाही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर हा पडदा हवाच. नाहीतर रोज सकाळी गाडी सुरू केली की दोन-तीन सेकंद टॅपेटचा खडखडाट, डबा भरून तेल वर पोचेपर्यंत. तोंड वर करून उभा बसणारा फिल्टर असेल तर या पडद्यावाचून फारसं अडत नाही. आता बघा, दोन फिल्टरचे आटे तेच, वायसर तेच, उंची तीच. एकात पडदा आहे, एकात नाही. बसणार दोन्ही.

तीच गोष्ट बायपास व्हॉल्व्हची. कागद तुंबला किंवा थंडीत तेल दाट झालं तर इंजिन उपाशी राहू नये म्हणून एक स्प्रिंगवाली झडप असते. कागदाच्या दोन बाजूंच्या दाबात ठरावीक फरक पडला की ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जातं. घाण तेल हे तेल नसण्यापेक्षा बरं, असं साधं शहाणपण. ही स्प्रिंग किती ताठ हवी ते पंपाच्या ताकदीवर ठरतं. सुबारूच्या बऱ्याच इंजिनांना ती २३ पीएसआयला उघडणारी लागते, इतरांना पुष्कळदा त्याच्या निम्म्यानेही भागतं. मऊ स्प्रिंगचा फिल्टर तिथे लावला तर झडप वेळी-अवेळी उघडणार आणि मालक महागडा कागद लावून न गाळलेलं तेल फिरवत राहणार. काही इंजिनांत तर झडप फिल्टरमध्ये नसतेच, ब्लॉकमध्ये असते. बाहेरून बघून यातलं काहीही कळत नाही. म्हणून नंबर. नंबराला पर्याय नाही.

मी कापलेल्यांपैकी सगळ्यात स्वस्त, बिननावाच्या डब्यात पडदा होता, पण बोटाने दाबला तर पुठ्ठ्यासारखा कडक. घड्या एका बाजूला दाटीने आणि दुसऱ्या बाजूला फाकलेल्या. जिथे कागदाची दोन टोकं जोडतात तिथे डिंक अर्ध्यापर्यंतच पोचलेला, उरलेल्या फटीतून पोस्टकार्ड सहज आरपार जात होतं. तेलालाही काय, सोपी वाट दिसली की ते तिकडूनच जाणार. गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेला आणि चांगल्या नावाचा बाजारातला, हे दोन मात्र आतून इतके सारखे निघाले की एकाच कारखान्यातून आले असावेत अशी शंका आली. गाड्यांच्या कंपन्या फिल्टर सहसा स्वतः बनवत नाहीत, बनवून घेतात. त्यामुळे 'ओरिजिनल' या शब्दाला मी हल्ली पूर्वीइतका दबून राहत नाही. पण त्या नावाची खोटी खोकी छापणारे आहेत, म्हणून खोक्यालाही दबून राहत नाही.

एक मात्र सांगायला हवं. फिल्टर कापून पाहणाऱ्यांची जगभर एक जमात आहे आणि त्यांचा एक लाडका सिद्धांत आहे, की कागदाच्या टोकांना पत्र्याऐवजी पुठ्ठ्याची झाकणं असली की फिल्टर टाकाऊ. मला हे पटलेलं नाही. पुठ्ठा कागदाला नीट चिकटलेला असेल आणि फट नसेल, तर तेलाला तो पुठ्ठा आहे की पत्रा याच्याशी काय देणंघेणं? घड्या मोजण्याचंही तेच. घड्या जास्त म्हणजे चांगला असं नाही, फार दाटीत बसवल्या तर मधल्या जागेत तेल शिरतच नाही. आणि कागद किती मायक्रॉनचा कण किती टक्के अडवतो हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी आयएसओ ४५४८-१२ नावाची चाचणी आहे, तेलात मोजून धूळ घालून ते पुन्हापुन्हा फिरवत बघतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, बेअरिंगमधली फट त्याहून कमी. नुकसान करणारे कण तर त्याच्याही खालचे. कापून बघितल्यावर फक्त इतकंच कळतं की बनवणाऱ्याने हात राखून काम केलंय की नाही.

या डब्याच्या आधीचा जमाना वेगळा होता. मोटारीच्या ऑइल फिल्टरचं पेटंट १९२३ मधलं, कॅलिफोर्नियातल्या अर्नेस्ट स्वीटलँडने काढलेल्या फिल्टरचं. नाव ठेवलं 'प्युरोलेटर'. 'प्युअर ऑइल लेटर' या शब्दांची खिचडी आहे ती, आपल्याकडे मात्र कित्येक मेकॅनिकांच्या तोंडी ते 'पिरोलेटर' झालं. सुरुवातीचे फिल्टर तेलाचा थोडासाच हिस्सा गाळायचे, सगळं तेल गाळायची पद्धत मागाहून आली. आपल्या अँब्युलन्सपासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडे पळालेल्या अँबॅसिडरचं पेट्रोल इंजिन बीएमसीच्या बी-सिरीजचं. त्या घराण्यातल्या इंजिनांना लोखंडी वाटी असायची, मधून लांब बोल्ट, आत नुसती कागदाची पुंगळी. वाटी रॉकेलने धुवायची, पुंगळी बदलायची, वायसर नवं घालायचं. हात बरबटायचे. डबा फिरवला की काम झालं, ही सोय १९५० च्या दशकात अमेरिकेत आली आणि मग ती वाटी हळूहळू गेली.

आणि आता परत आलीय! पुण्याजवळ रांजणगावला बनणारं फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन आठवत असेल. तेच इंजिन स्विफ्टमध्ये 'डीडीआयएस' म्हणून, टाटाच्या गाडीत 'क्वाड्राजेट' म्हणून, शेवरोलेमध्ये 'स्मार्टेक' म्हणून धावायचं. मारुतीसाठी ते मानेसरला बनायचं. त्याला डबा नाही, प्लास्टिकच्या टोपीखाली कागदाची पुंगळीच. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं, मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, पण ती इंजिनं अजून लाखांनी रस्त्यावर आहेत. त्यांच्या मालकांचं एक बरं असतं, पुंगळी बाहेर काढली की हात लावून, बघून घेता येते. कटर लागत नाही. फक्त टोपीचं ओ-रिंग दरवेळी नवं घालायचं आणि टोपी टॉर्क पान्यानेच आवळायची, कारण प्लास्टिक पत्र्यासारखं दमदार नसतं.

मामाने नंतर गाडी विकली. आता तो गणपतीला कोकण रेल्वेने जातो. तिकिटासाठी दोन महिने आधीपासून जागरणं करतो, पण घाटात गाडी घालत नाही. माझी गाडी मी अजून एका वयस्क मिस्त्रींकडे नेतो. ते व्हर्नियर वगैरे काही वापरत नाहीत. नवा फिल्टर बोटाने थोडं तेल लावून स्टडवर चढवतात आणि अर्धा वेढा फिरवून मध्येच थांबतात. मग डबा वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलकेच हलवून बघतात. जरा जरी खुळखुळला तरी काढून बाजूला ठेवतात आणि पोराला म्हणतात, "नंबर वाच परत." जुन्याचं वायसर ब्लॉकला चिकटून राहिलंय का ते अंगठा फिरवून बघतात. वायसर टेकल्यावर हातानेच पाऊण वेढा, पाना नाही. मग गाडी सुरू करून खाली वाकतात आणि मिनिटभर नुसते बघत राहतात. मी एकदा त्यांना ते ०.३४ मिलिमीटरचं गणित सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "हां, म्हणजे तेच ते खुळखुळणं."