निसटलं? जाऊ दे ना!

भंडाऱ्याची माझी मावसबहीण नर्स आहे. परदेशातल्या नोकरीसाठी आयईएलटीएस देतेय. लिसनिंगचं तिला जाम टेन्शन. साधारण अर्ध्या तासात ४० प्रश्न आणि रेकॉर्डिंग एकदाच! एक शब्द निसटला की ती तिथेच अडकते, पुढचे दोन प्रश्नही जातात.

मी म्हटलं, वरठीला भंडारा रोड स्टेशनवर अनाउन्समेंट कशी ऐकतेस? आपली गाडी, आपला प्लॅटफॉर्म; बाकीचं सोडतेसच ना? फंडा तोच. आधी प्रश्न वाच, उत्तर आकडा असेल की नाव ते ताड. 'बट' ऐकलं की कान टवकार, आधीचं उत्तर बदलू शकतं. निसटलं तर अंदाजाने लिही, चुकीला मार्क कापत नाहीत.

"सोडायचीच भीती वाटते, ताई," ती म्हणाली. खरंय. शाळेत आपल्याला प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारायचे. म्हणून आता रोज रात्री एकच क्लिप, एकदाच. रिवाइंड बंद!