गाडी तापायच्या आत

गेल्या पौषातली सकाळ, सहा वाजून वीस मिनिटं. उद्यमनगरातलं माझं शटर अर्धं वर, आत रात्रभर थंड पडलेली गाडी आणि बाहेरच्या रस्त्यानं चाललेले उसाचे ट्रॅक्टर. बारक्यानं किल्ली फिरवली. मी रबरी नळीचं एक टोक कानाशी धरलं, दुसरं मॅनिफोल्डच्या सांध्यावरून सावकाश फिरवलं, डोळे मिटले आणि मान हलवून म्हणालो, "इथं काही नाही."

मला ऐकूच येत नव्हतं. काही नाही आणि ऐकू येत नाही, यातला फरक मी दोन-तीन वर्षं कुणाला कळू दिला नव्हता. स्वतःलाही कळला नव्हता असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. कानाच्या डॉक्टरांनी काढलेला कागद माझ्या ड्रॉवरमध्येच होता. त्यावरची रेघ 4000 हर्ट्झच्या अलीकडंच आंबोली घाट उतरल्यासारखी खाली गेलेली. व्हॅक्यूम लीकची बारीक शिट्टी नेमकी त्या घाटात असते.

गाडी गारगोटीच्या एका निवृत्त गुरुजींची. 2004 ची, पेट्रोल, अठराशे सीसी. पिकअप ठीक, ॲव्हरेज ठीक, तक्रार एकच: पिवळा दिवा. कोड पी-0171, म्हणजे मिक्श्चर लीन. दिवा घालवला की आठ-दहा दिवस गप्प, मग एखाद्या सकाळी पुन्हा हजर. गुरुजी पन्नासेक किलोमीटर गाडी चालवत यायचे आणि बोनेट उघडेपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललेलं असायचं. दवाखान्याच्या पायरीवर पोराचा खोकला थांबतो, तसं.

या दुखण्यानं मला वर्षभर छळलं. लाँग टर्म ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरनं पेट्रोलात केलेली टक्केवारीतली वाढ-घट, आयडलिंगला अधिक आठ, अडीच हजार आरपीएमला अधिक सात. लीक असतं तर आयडलिंगला आकडा चढला असता आणि रेस दिल्यावर उतरला असता. पेट्रोल कमी पडत असतं तर उलट झालं असतं. इथं दोन्हीकडं आकडा तेवढाच. आणि आठाला हल्ली कोण विचारतो? नुसत्या पेट्रोलच्या एका भागाला 14.7 भाग हवा लागते. त्यात वीस टक्के इथेनॉल मिसळलं की साडेतेराच्या आसपास पुरते. कॉम्प्युटरला हे कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळं तो सात-आठ टक्के पेट्रोल वाढवत बसतो. माझ्या जुन्या वहीत निरोगी गाडीच्या ट्रिमपुढं शून्य, एक, उणे दोन असे आकडे आहेत. आता निरोगी गाडीच सहा-सात दाखवते. ऊस आमचाच, मळी आमचीच, तक्रार कुठं करणार? तर मी आठ आकडा बघितला, इथेनॉल म्हणालो आणि बाजूला झालो. मग काहीतरी करायचं म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर बदलला.

हे लिहिताना लाज वाटते. कारण कोड बघून पार्ट बदलणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. दुकानात स्कॅनर आला की माणूस मिस्त्री होतो, असा एक समज आहे. सॉकेटला डबी लावायची, पडद्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि त्या नावाचा सेन्सर विकायचा. पी-0171 ही लॅम्डानं दिलेली फिर्याद असते, आणि हे फिर्यादीलाच आत टाकतात. त्याहून वाईट म्हणजे जुन्या गाड्या विकणारे काही महाभाग: सौदा व्हायच्या सकाळी बॅटरीची वायर काढून कोड पुसायचा, नाहीतर मीटर उघडून बल्बच काढायचा. किल्ली ऑन केल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी पिवळा दिवा लागला नाही, तर ती गाडी घेऊ नका. एवढं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. आणि मी स्वतः गुरुजींना लॅम्डा विकला. ते काही बोलले नाहीत. शिक्षकी पेशातली माणसं बिल नीट घडी करून खिशात ठेवतात, ते बघवत नाही.

माझा तोरा कानाचा होता. मारुतीच्या पहिल्या एमपीएफआय गाड्या आल्या तेव्हा डायग्नोसिसच्या कपलरमध्ये वायरचा तुकडा घालून आम्ही दिव्याची उघडझाप मोजायचो. एक, मग दोन, म्हणजे बारा: सगळं ठीक. त्या बारावर माझा कधी विश्वास बसला नाही. मी रेडिओ बंद करायला लावायचो, बोट वर करायचो, पोरं श्वास रोखून उभी राहायची आणि मी नळी फिरवून नेमका फाटलेला पाइप दाखवायचो. लीक नळीशिवाय सापडलेलं असलं तरी बोट वर व्हायचंच. गिऱ्हाईक बघत असायचं ना. कान गेल्यावर बोट तेवढं राहिलं.

बारक्या आयटीआय करून आलेला. मला मामा म्हणतो, माझ्या बहिणीचा नसून. त्याला स्कॅनरचं वेड, म्हणून मी त्याला कधी शाबासकी दिली नाही. गुरुजी चौथ्यांदा आले तेव्हा कोड पुसायच्या आधी त्यानं फ्रीझ फ्रेम उघडली. दिवा लागला त्या क्षणाची नोंद त्यात असते. आरपीएम सातशे चाळीस, गाडी उभी.

"मामा, कूलंट बघा की. शेहेचाळीस डिग्री."

"मग?"

"मग गाडी तापलेलीच नव्हती. आपण रोज नव्वदवर बघतोय."

वर्षभर ती नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये होती. मी कोड वाचून पुसत होतो आणि त्याबरोबर तीही पुसली जात होती. 2013 च्या आधीच्या कित्येक गाड्या स्कॅनरला धड उत्तरही देत नाहीत. ही देत होती, तर मी विचारलं नव्हतं.

गुरुजींना एसटीनं परत पाठवलं आणि गाडी रात्री ठेवून घेतली.

तर ती सकाळ. मी "इथं काही नाही" म्हणालो तेव्हा कूलंट अडतीसवर होतं. लॅम्डा जागा झाला, हिशेब सुरू झाला आणि शॉर्ट टर्मचा आकडा चढायला लागला: बारा, पंधरा, एकोणीस. लाँग टर्मचे आठ मिळवले की सत्तावीस. बारक्यानं पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि काही न बोलता माझ्या हातातली नळी घेतली. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधोमध, खालच्या अंगाला, जिथं हात वाकडा करून घालावा लागतो तिथं तो थांबला.

"हितं शिट्टी वाजतीया."

मी पुन्हा नळी लावली. काही नाही. त्यानं त्या जागी क्लीनरचा बारीक फवारा मारला. आयडलिंग दचकल्यासारखं हललं आणि एकोणीसचा आकडा घसरत उणे चारवर आला. सत्तर डिग्रीच्या पुढं शिट्टी आपोआप बंद झाली, असं तो म्हणाला. मला पडद्यावर फक्त आकडा उतरताना दिसला.

इंजिन गार झाल्यावर बारा नंबरच्या गोटीनं मॅनिफोल्ड उतरवलं. गॅस्केटचं रबर बोटात धरलं तर बांगडीसारखं कडक. नवं गॅस्केट खाचेच्या वर उठून राहतं, हे खाचेबरोबर सपाट झालेलं. नख रोवलं, वळ उठला नाही. थंडीत आखडायचं आणि हवा घ्यायचं, तापलं की फुगून गप्प बसायचं. माझ्याकडं ते नेहमी फुगलेलंच यायचं.

गुरुजी दोन दिवसांनी आले. "सापडलं का हो?"

"सापडलं. सकाळी थंड इंजिनवर ऐकलं तेव्हा कळलं," मी म्हणालो. वाक्याला कर्ता लावला नाही. गुरुजींनी आयुष्यभर व्याकरण शिकवलेलं, त्यांच्या लक्षात आलं असेल. बारक्या मागं ट्रे पुसत होता, पुसतच राहिला. या वेळची मजुरी घेतली नाही, फक्त गॅस्केटचे पैसे घेतले. लॅम्डाचे परत द्यायला हवे होते. दिले नाहीत. द्यायचे तर का ते सांगावं लागलं असतं.

त्यानंतर आम्ही लीकचा संशय असलेल्या गाड्या रात्री ठेवून घेतो. सकाळी बारक्या नळी फिरवतो आणि मी त्याचं तोंड बघत उभा राहतो. भुवई जराशी आत गेली की सापडलं. परवा अशीच एक व्हॅन होती. मी शेजारून सांगायला लागलो, थ्रॉटल बॉडीकडनं सुरू कर, ब्रेक बूस्टरचा पाइप सोडू नको, पीसीव्हीची नळी खालनं बघ.

त्यानं बोट वर केलं.

"मामा, जरा गप्प ऱ्हावा. ऐकाय येईना झालंय."