भाराहून थोडी कमी



ट्रॅक्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उसाची ट्रॉली ओढणारे यंत्र येते. आम्ही राहतो त्या अमेरिकेत त्याचा एक धाकटा भाऊ असतो, गार्डन ट्रॅक्टर. घराभोवतीचे गवत कापावे, मागच्या अंगणातला भाजीपाल्याचा तुकडा कसावा, एवढेच त्याचे काम. मोठ्या ट्रॅक्टरचे अवजार हायड्रॉलिकवर उचलते. या धाकट्याच्या जुन्या यंत्रांत पुष्कळदा ती सोय नसते. हाताशी एक लांब दांडा असतो. तो ओढून अवजार उचलायचे आणि खाचेत अडकवायचे. प्रत्येक तास संपला की वळताना हे करावेच लागते.

आमच्या ट्रॅक्टरला मागे पाच फणांचे अवजार आहे. ते उचलताना दांड्यावर किती जोर लागतो हे मी टांगत्या काट्याने मोजले. २२ किलो भरले. तरुण हाताला हे फार नाही. पण ट्रॅक्टर चालवतात आमचे वडील. वय ७४, सोलापूर जिल्ह्यात जन्मभर शेती केलेली, गळ्यात माळ, आणि वर्षभरापासून उजवा खांदा दुखरा. घरातले सगळे म्हणू लागले, "दादा, आता तुम्ही बसा. आम्ही करतो." दादांनी एवढेच सांगितले, "उचलू दे मला. फक्त झेपंल एवढं कर."

मग दांड्याला स्प्रिंगचा हातभार द्यायचे ठरवले. दांडा ज्या आसावर फिरतो त्याला एक आखूड भुजा जोडली. स्प्रिंगचे एक टोक तिला, दुसरे टोक लांब आट्यांच्या बोल्टाने ट्रॅक्टरच्या चासीला. नट आवळला की ताण वाढतो, सैल केला की कमी होतो. स्प्रिंग तुटलीच तर तुकडे उडू नयेत म्हणून तिच्या पोटातून पोलादी दोर ओवला. आणि अडकवताना अवजार वर उचलून ठेवले, म्हणजे स्प्रिंग सैल असते, हाताला इजा होत नाही.

स्प्रिंग जितकी ताणावी तितकी ती मागे ओढते. रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली हा नियम प्रसिद्ध केला. अवजार खाली उतरते तेव्हा त्याच्याच वजनाने स्प्रिंग ताणली जाते. उचलायची वेळ येते तेव्हा ती साठवलेली ओढ परत देते. अवजार अगदी तळाशी असते तेव्हा ओढ सर्वांत जास्त. वर येईल तशी ती कमी होत जाते.

खरी परीक्षा पुढेच आहे. ताण फार ठेवला तर दांडा बोटानेही उचलेल. पण मग फण मातीत शिरत नाहीत, वरच्या वर खरवडत जातात. मशागतीला अवजाराचा भार लागतोच. म्हणून स्प्रिंगची ओढ भाराहून कमीच हवी. आणखी एक सावधगिरी: अवजार सोडवण्याआधी स्प्रिंग सोडवावी. भार नसताना ताणलेली स्प्रिंग दांडा झटक्याने फेकते, आणि ज्याला मदत करायची त्यालाच मारते.

माउली, हे यंत्राचे झाले. पण आपल्या परंपरेत हे मोजमाप जुनेच आहे. जनाबाईंबरोबर पांडुरंग दळायला बसला असे आपण कीर्तनात ऐकतो. देवाला तिचे दळण एका क्षणात संपवता आले नसते का? तो तसे करत नाही. जात्याच्या खुंट्याला तिच्या हाताशेजारी आपला हात लावतो. जनीचा हात खुंट्यावरच राहतो आणि तिच्या तोंडी नाम राहते. ज्ञानोबारायांची पालखी दिवे घाट चढते तेव्हा रथाला जादा बैलजोड्या लावतात. त्यामुळे रथाची जोडी कोणी मोकळी करत नाही. ती जुंपलेलीच असते. मदत असते ती चढापुरती.

आता काट्यावर ९ किलो भरतात. ते शून्यावर आणायचे नाहीत, कारण ते ९ किलो दादांचे आहेत. सकाळी हरिपाठ झाला की ते ट्रॅक्टरवर बसतात आणि एकेक तास घालतात. मेथी-वांग्यांच्या वाफ्यांकडे बोट दाखवून "मी केलं" म्हणतात, तेव्हा ते खरे असते.

तुमच्याही घरात कोणाचा तरी खांदा थकला असेल. प्रेमापोटी आपण त्यांच्या हातातले सगळेच काढून घेतो. भाजी निवडणे, देवपूजेचे पाणी, बाजाराची पिशवी. काढून घेण्याआधी एकदा विचारा, किती झेपेल? तेवढे त्यांच्या हाती राहू द्या आणि उरलेल्याला आपला हात लावा.

रामकृष्णहरी.