शेवटची शिडी

वाणिज्य शाखेच्या मुलांना डोंगराचं काय कौतुक, असं आमचे कलाशाखेचे मित्र म्हणतात. सहलीतही जमाखर्चाची वही खिशात घेऊन फिरणारा खजिनदार मीच. त्यामुळे मी वाद घालत नाही.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही नऊ जण कळसूबाईला गेलो. उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात हिच्याहून उंच शिखर नाही. माणशी दीड हजार वर्गणी. बेळगावहून रात्रीच्या गाडीनं पुणे, पुढं एस.टी.नं संगमनेर, अकोले, राजूर करत बारी गाव. मुक्काम तिथंच. सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं. पण कुणाचा बूट सापडेना, कुणाचा चहा संपेना. निघायलाच दहा वाजले.

ऊन लख्ख होतं. कातळावर ठोकलेल्या लोखंडी शिड्या आम्ही ओरडत, फोटो काढत चढलो. शेवटच्या शिडीखालच्या विहिरीपाशी आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. अन् भंडारदऱ्याच्या बाजूनं ढग चढून आले. परतीचा पाऊस! दहा मिनिटांत समोरची शिडी धुक्यात अर्धी बुडाली. वीज चमकली. माझ्या बाकावरचा मित्र मोठ्यानं आकडे मोजू लागला. बारावर गडगडाट झाला. म्हणजे वीज चार किलोमीटरवर.

"साकप्पा, इळियूण," तो म्हणाला. पुरे, उतरूया.

माझं डोकं फिरलं. "साडेतेरा हजार घातलेत! एक शिडी राहिली अन् परत? घाबरट कुठला!"

सगळे गप्प झाले. पुन्हा वीज चमकली. या वेळी आकडे पाचावर थांबले.

मित्र शांतपणे म्हणाला, "संक कॉस्ट. विसरलास काय?"

हा शब्द आमच्या दोघांच्या जिव्हाळ्याचा. मी मराठी माध्यमातला, तो कन्नड. 'घसारा' म्हटलं की मला कळायचं, 'डिप्रिसिएशन' म्हटलं की घाम फुटायचा. त्याचंही तेच. वर्गात सरांनी इंग्रजीत सांगितलेलं आम्ही संध्याकाळी बसून मी मराठीत, त्यानं कन्नडमध्ये फोडून घ्यायचो. 'संक कॉस्ट' मीच त्याला समजावली होती: गेलेला पैसा काही केलं तरी परत येत नाही, म्हणून पुढचा निर्णय घेताना तो धरायचाच नाही. परीक्षेत मला त्यावर पैकीच्या पैकी गुण होते. अन् डोंगरावर, लोखंडाच्या शिडीसमोर, विजा चमकत असताना मी साडेतेरा हजार मोजत होतो.

आम्ही मागं फिरलो. शिडीपासून लांब, सखल जागी, एकमेकांत अंतर ठेवून उकिडवे बसलो. तासभर पावसानं झोडपलं. कुणी बोललं नाही. एकदा उजेड अन् आवाज एकदमच आले, तेव्हा मोजायला काही उरलंच नाही.

मग ढग फाटले आणि माथ्यावरचं देऊळ स्वच्छ दिसलं. "आता जाऊ की!" दोघं-तिघं उठले. पण चार वाजत आले होते. खालच्या ओल्या शिड्या अंधारात उतरायच्या नव्हत्या. अलंग, मदन, कुलंग माथ्यावरून कसे दिसतात ते आम्हाला कळलंच नाही.

आजही कँटीनमध्ये कुणीतरी म्हणतं, "तेव्हाच चढलो असतो तर काही झालं नसतं." नसतंही कदाचित. न घडलेल्या गोष्टीचा हिशेब कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

मला टोचतो तो 'घाबरट' हा शब्द. परतीच्या गाडीत मी त्याची माफी मागितली. कन्नडमध्ये मागितली, कारण मराठीत जीभ उचलेना. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "असू दे बे, बूट वाळले का बघ."

घरी येऊन वही पूर्ण केली. खर्च : रुपये साडेतेरा हजार. समोरच्या बाजूला काय लिहावं सुचेना. शेवटी लिहिलं : गेले नऊ, परत आले नऊ.