परत पळणारा गडी

शाहू स्टेडियमच्या गॅलरीत माझ्या मागच्या पायरीवर दोघांचं जुंपलं होतं. विषय नेहमीचाच, संघात कोण हवा होता आणि कोण घेतला. पण तरुण पोराच्या मोबाइलमध्ये आकडे होते. आदल्या सामन्याचा व्हिडिओ पुन्हापुन्हा बघून त्यानं ते स्वतः मोजले होते. "काका, तुमच्या त्या गड्यानं अख्ख्या मॅचमध्ये चौदा पास दिल्यात. चौदा!" म्हाताऱ्यानं शेंगा सोलणं काही थांबवलं नाही. "आणि त्याच्या अंगानं अटॅक किती आले, ते मोजलंस काय रं?"

पोरगा गप्प झाला. खाली शिट्टी वाजली, दोघंही पुढं झुकले आणि वाद तिथंच राहिला. मला मात्र उरलेला सामना नीट बघता आला नाही. आलेले अटॅक मोजता येतात. गडी जागेवर होता म्हणून जे आलेच नाहीत, ते कुठल्या रकान्यात मांडायचे?

कोल्हापुरात संघनिवड ही पेठेची घरगुती बाब आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल: ज्या तालमींच्या लाल मातीत शड्डू घुमले, त्यांच्याच नावानं पोरं फुटबॉलचे बूट बांधतात. लग्नाची बोलणी जशी होतात, तशीच इथं बाहेरून गडी आणायचा की पेठेतला पोरगा खेळवायचा याची बोलणी होतात, रुसवेफुगवेही तसेच. माझं मत पेठेतल्या पोराच्या बाजूनं. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. दिल्लीतले तिन्ही सामने आपण हरलो, तरी माझं मत बदललं नाही.

मोजण्याचा नाद तसा जुना आहे. १८ मार्च १९५० रोजी इंग्लंडमधल्या स्विंडन गावात ब्रिस्टल रोव्हर्सविरुद्धचा सामना चालू होता. हवाई दलात हिशेबाचं काम करणारे चार्ल्स रीप तो बघत होते. पूर्वार्धातल्या वाया गेलेल्या चालींना वैतागून उत्तरार्धात त्यांनी खिशातून वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चाल टिपायला घेतली. पुढं १९५८ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांनी भिंतीला लावायच्या कागदाच्या गुंडाळीवर उतरवला. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या चालींतून होतात, असं त्यांना आढळलं आणि इंग्लंडमधल्या कित्येक प्रशिक्षकांनी बॉल लांब उडवायला सुरुवात केली. फुटबॉलमधल्या बहुतेक चाली मुळातच तेवढ्या आखूड असतात, हे त्या घाईत निसटलं. मोजणी खरी होती, अर्थ चुकला. तरीही त्या कागदाच्या गुंडाळीसाठी मला रीप फार जवळचे वाटतात.

माझे मामाही मोजायचे.

मामा उद्यमनगरात लेथवर होते. दिवसभर हातात व्हर्नियर. एका केसाएवढा फरक पडला तरी जॉब बाजूला. सामन्याच्या दिवशी ते दुपारीच सुट्टी टाकायचे, मला सायकलच्या दांडीवर बसवायचे आणि वाटेत एक नवी काडेपेटी घ्यायचे. ते विडी ओढत नसत. गॅलरीत बसलं की पेटीतल्या सगळ्या काड्या शर्टाच्या डाव्या खिशात ओतायच्या. मग बॉल कुठंही असो, मामांची नजर आमच्या लेफ्ट हाफवर. आपल्या संघाचा बॉल गेला आणि तो पोरगा मागं वळून आपल्या जागेवर पळाला, की एक काडी डाव्या खिशातून उजव्या खिशात. गोल झाला, अख्खी गॅलरी उठली, तरी मामांचा हात आधी खिशाकडे जायचा. हाफटाइमला ते काड्या तळहातावर मोजायचे आणि मला आकडा लक्षात ठेवायला सांगायचे. मी तो मनातल्या मनात घोकत चिरमुरे खायचो.

घरी आलं की तो आकडा कालनिर्णयवर चढायचा. त्याच चौकोनात मामीनं निळ्या पेनानं दुधाचे खाडे लिहिलेले असत. त्याच्या खाली मामांची लाल पेन्सिल. एकवीस. सव्वीस. एकोणीस, आणि शेजारी बारीक अक्षरात "ताप होता."

एका वर्षी आमचा संघ फायनलला गेला. आदल्या रात्री कळलं, की लेफ्ट हाफला बसवलं आणि त्याच्या जागी बाहेरून आणलेला एक गडी घेतला. गडी देखणा खेळायचा. दोन माणसांना चकवून जायचा, त्या हंगामात त्यानं गोलही मारले होते. मामांनी अर्धं जेवण टाकलं, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, त्याची सुरळी काखेत मारली आणि मला घेऊन तालमीत गेले. आत मारुतीसमोरच्या सतरंजीवर जाणती माणसं बसली होती. मामांनी महिने उलगडून दाखवले. "आपला पोरगा एका मॅचला वीस-बावीस वेळा परत पळतोय. ह्यो सहा. मी मोजलंय." कुणी हसलं नाही. सगळ्यांनी कॅलेंडर नीट बघितलं, एकानं बॅटरीचा उजेड धरला. आम्हाला चहा दिला. संघ तोच राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक-शून्यनं जिंकलो. गोल त्या बाहेरच्या गड्यानंच मारला. मामा गुलालात न्हाऊन निघाले. मी त्यांना इतकं नाचताना कधी पाहिलं नव्हतं. वगळलेला पोरगा गॅलरीत आमच्या पुढं बसला होता, स्वेटरच्या आत संघाची जर्सी घालून. मिरवणुकीत झेंडा त्याच्याच हातात होता. रात्री अंगावरचा गुलाल धुता धुता मामा मामीला म्हणाले, "गडी चुकीचाच घेतला होता." आणि त्या दिवसाच्या चौकोनात त्यांनी लिहिलं: पाच.

निकालानं त्यांची मोजणी बदलली नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

बॉल किती टक्के वेळ कुणाकडे होता, हा आकडा टीव्हीवर आधी दाखवतात आणि माझ्या लेखी तोच सगळ्यांत कमी कामाचा. ८ जुलै २०१४ ला बेलो होरिझोंतेत ब्राझीलकडे बॉल जर्मनीपेक्षा जास्त वेळ होता, एकूण फटकेही जास्त होते. ब्राझील ७-१ नं हरलं. २०२२ च्या विश्वचषकात जपाननं अठरा टक्क्यांहूनही कमी वेळ बॉल ठेवून स्पेनला हरवलं. त्यानंतर पाचच दिवसांनी स्पेननं मोरोक्कोविरुद्ध हजारावर पास दिले आणि टायब्रेकरला एकही गोल न करता घरी गेलं. अपेक्षित गोलांचा हिशेब मात्र मला पटतो. आधीच्या हजारो फटक्यांवरून, इतक्या अंतरावरून, इतक्या कोनातून मारलेला बॉल कितीदा जाळ्यात जातो, ते त्यात बघतात. पेनल्टी म्हणजे साधारण पाऊण गोल. निदान हा हिशेब फटका कुठून मारला हे तरी विचारतो. आता मोठ्या लीगमध्ये छताखालचे कॅमेरे प्रत्येक खेळाडूची धावसुद्धा टिपतात. बॉल गेल्यावर कोण किती वेगानं मागं फिरला, हेही कळतं.

आपल्या गॅलरीत ते काम माणसालाच करावं लागणार. म्हणून त्या मोबाइलवाल्या पोराला माझं सांगणं आहे: पास मोजतोस ते मोजच, फक्त एक रकाना वाढव. बॉल गेल्यावर परत कोण पळालं, तेवढं मांड. आणि फायनलच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नकोस. हंगामाच्या मध्यावरच तो कागद तालमीत घेऊन जा. चहा देतील, तो पी, आणि सगळे आकडे वाचून दाखवल्याशिवाय उठू नकोस.