ठकीचा हात

गेल्या भाद्रपदांत महालक्ष्म्या बसावयाच्या होत्या त्या दिवशीं सकाळीं माळ्यावरची पत्र्याची पेटी आम्हीं खालीं उतरविली. पेटींत देवींचे मुखवटे, ठेवणींतल्या साड्या, समया असा नेहमींचा संसार होता. आणि सर्वांच्या तळाशीं एका जुन्या फडक्यांत गुंडाळलेली लांकडाची ठकी होती. तिचा रंग उडाला होता, नाक झिजलें होतें, आणि उजवा हात खांद्यापासून मोडलेला होता. आमच्या अकरा वर्षांच्या नातीनें ती उचलली, उलटसुलट करून पाहिली, तिच्या पाठीवरून बोट फिरविलें, आणि विचारलें, "आजोबा, हिला चावी कोठून द्यायची?"

ह्या प्रश्नाचा उगम जपानांत होता. आमची नात पुण्यास असते. सणासाठीं जालन्यास येतांना ती आईचा मोबाइल आणि त्यावरील एक जपानी चित्रमाला बरोबर घेऊन आली होती. मालेचें नांव "रोझेन मेडन". पीच-पिट ह्या नांवानें जोडीनें काम करणाऱ्या दोन चित्रकर्त्रींच्या चित्रकथेवरून ती २००४ सालीं तयार झाली. पहिल्या मालेचे भाग बारा आहेत. नातवंडें काय पाहतात ह्याची चौकशी करणें हें आजोबांचें कर्तव्य आहे, अशा समजुतीनें आम्ही तिच्याजवळ जाऊन बसलों. दुसऱ्या भागापासून कर्तव्याचें निमित्त गळून पडलें आणि निव्वळ उत्सुकता उरली, हें कबूल केलें पाहिजे.

कथा अशी. जुन नांवाचा एक शाळकरी मुलगा शाळा सोडून घरांत स्वतःला कोंडून घेऊन बसला आहे. नाहीं नाहीं त्या वस्तु टपालानें मागवाव्या आणि मुदत संपण्याच्या आंत परत कराव्या, हा त्याचा उद्योग. अशांत त्याला एक पत्र येतें. प्रश्न एवढाच कीं, चावी देणार कीं नाहीं? मुलगा बेफिकिरीनें "देणार" ह्या शब्दाभोंवतीं खूण करतो. लवकरच घरीं एक पेटी येते आणि तींतून लाल पोशाखाची एक बाहुली निघते. चावी फिरवितांच ती डोळे उघडते, आपलें नांव शिंकू असें सांगते, आणि मालकालाच आपला गडी ठरवून चहा करावयास लावते! तिला सहा बहिणी आहेत. रोझेन नांवाच्या कारागिरानें त्या सातजणी घडविल्या आणि तो निघून गेला. इतरांना जिंकील ती परिपूर्ण होऊन पित्याला भेटेल, असा नियम असल्यामुळें बहिणीबहिणींत झुंज लागते. झुंजीसाठीं लागणारें बळ बाहुलीला मालकाकडून मिळतें. त्याच्या बोटांतील अंगठी ही त्या कराराची खूण. बाहुली लढते आणि थकवा मालकाला येतो. अशाच एका झुंजींत शिंकूचा हात तुटतो. तोंवर राणीच्या तोऱ्यांत वावरणारी ती बाहुली, आपण आतां अडगळींत जमा झालों, ह्या विचारानें खचून जाते; आणि जगाला पाठ दाखवून बसलेला तो मुलगा अखेर तिचा हात तिला परत मिळवून देतो.

हा भाग चालू असतां आम्ही मध्येंच उठून अंगणांत गेलों. नातीला वाटलें, आजोबांना कंटाळा आला. माळ्यावरच्या पेटींत काय आहे, हें तिला ठाऊक नव्हतें.

ठकी आमच्या अक्काची. अक्का ही आमची थोरली बहीण. आमच्याहून चार वर्षांनीं मोठी. अंबडला नवरात्रांत मत्स्योदरी देवीची यात्रा भरते. त्या यात्रेंतून वडिलांनीं ती ठकी आणिली होती. अक्कानें तिला चिंध्यांचीं लुगडीं नेसविलीं, दोनदां तिचें लग्न लाविलें, आणि दोन्ही वेळां सासरीं न पाठवितां घरींच ठेवून घेतलें. आमच्या हातीं मात्र ती लागली ती सैनिक म्हणून. धान्याची कोठी हा शत्रूचा किल्ला होता, आणि त्यावर चढाई करीत असतांना आमच्या सैनिकाचा उजवा हात मोडला. अक्का रडली नाहीं. तिनें मोडलेला तुकडा पुष्कळ शोधला. तो बहुधा ज्वारींत गेला असावा. मग ती एवढेंच म्हणाली, "सुताराकडून दुसरा बसवून आण." आम्हीं "उद्यां" म्हटलें.

तो "उद्यां" पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकला. अक्का लग्न होऊन परभणीकडे गेली. तिच्या सासरीं महालक्ष्म्या बसत नसत, त्यामुळें दरवर्षीं ती सणाला माहेरीं येई, देवींपुढच्या आराशींत ठकीला आठवणीनें जागा देई, मोडक्या खांद्यावरून तिचा पदर सारखा करी, आणि निघतांना विचारी, "कां रे, मिळाला का सुतार?" घरांतील सर्व मंडळी हंसत. आम्हीहि हंसत असूं. पुढें तिचे गुडघे धरले आणि येणें थांबलें, तेव्हां ती फोनवर विचारूं लागली. एका माघांत ती गेली. त्यानंतर विचारणारें कोणी उरलें नाहीं, आणि ठकी पेटीच्या तळाशीं गेली. तिला तेथें आम्हींच ठेविली. आराशींत ती आम्हांला पाहवत नव्हती.

बाहुलीच्या बाबतींत मालकी हा शब्द मोठा फसवा आहे. पैसे देऊन आणिली म्हणून वडील ठकीचे मालक झाले नाहींत, आणि हातांत सांपडली म्हणून आम्हीहि झालों नाहीं. जी तिच्या वतीनें बोलत होती तीच तिची मालकीण. ह्याचें सर्वांत मोठें उदाहरण महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर शंभरांहून अधिक वर्षें आहे. य. के. पाध्ये ह्यांनीं १९१६ च्या सुमारास अर्धवटरावाला जन्म दिला. ओंठ न हलवितां बाहुलीच्या तोंडून बोलण्याची शब्दभ्रमकला आपल्याकडे रुजविणारे ते आद्य कलावंत. १९६७ सालीं त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये ह्यांनीं अर्धवटरावाला हातीं घेऊन स्वतःचे प्रयोग सुरू केले. आणि आतां सत्यजित पाध्ये ह्यांच्या रूपानें तिसरी पिढी त्या कलेंत आहे. पित्याच्या जागीं पुत्र आला तरी अर्धवटरावाचा आगाऊपणा रेसभरहि कमी झाला नाहीं! आवाज पाध्यांचा आहे हें सभागृहांतील लहान मुलालाहि ठाऊक असतें. तरी उत्तर देतांना तें मूल पाध्यांकडे पाहत नाहीं, अर्धवटरावाकडे पाहतें. जीव उसना असला तरी व्यवहार खरा असतो.

उसना जीव कधीं उलटतोहि. रामदास पाध्ये ह्यांनींच घडविलेला तात्या विंचू १९९३ सालीं "झपाटलेला" ह्या चित्रपटांत पडद्यावर आला, तेव्हां एका गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यांत शिरलेला सर्वांनीं पाहिला. आमचे चिरंजीव तेव्हां नऊ वर्षांचे होते. त्यानंतर कित्येक रात्री त्यांनीं धाकट्या बहिणीच्या बाहुल्या दुसऱ्या खोलींत ठेवावयास लाविल्या. आज तेच गृहस्थ आपल्या कन्येला, "असलें काय पाहतेस?" म्हणून रागें भरतात.

बाहुली आपल्या मालकाहून अधिक जगते, ह्याचा पुरावा शोधण्यास तर आम्हां जालनेकरांना जिल्ह्याबाहेरहि जावें लागत नाहीं. केळणा नदीच्या काठचें भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दानलेखांत ह्या गांवच्या माणसांचा उल्लेख आहे. नागपूर आणि मराठवाडा ह्या दोन विद्यापीठांच्या वतीनें डॉ. शां. भा. देव आणि डॉ. गुप्ते ह्यांनीं १९७३ सालीं येथें उत्खनन केलें. त्यांत सातवाहनकाळच्या थरांतून हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति मिळाली, आणि अभ्यासकांना एकदम इटली आठवली. कारण १९३८ सालीं पाँपेई शहराच्या एका घरांत वीतभर उंचीची अशीच एक भारतीय हस्तिदंती स्त्री सांपडली होती. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीनें तें शहर राखेखालीं गाडलें, तेव्हांपासून ती तेथें होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. दोहींतील साम्यावरून, पाँपेईची मूर्ति भोकरदनकडेच घडली असावी, असें कांहीं विद्वानांचें मत आहे.

ती खेळण्यांतील बाहुली नव्हे, हें खरें. आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान आसनाचा पाय असावा, असा तर्क आहे. परंतु त्या जपानी कथेंत बाहुल्या आरशांतूनच दुसऱ्या जगांत जातात, हें आमच्या नातीनें आम्हांला बजावून सांगितलें. आम्हांला त्या रोमन घरांतील माणसें आठवतात. तीं तिला नांवानें हाक मारीत होतीं कीं नाहीं, कोणास ठाऊक! तीं गेलीं, घर गेलें, शहर गेलें. आणि दूरदेशींची ती स्त्री अंगावरच्या दागिन्यांसह तशीच उभी राहिली. जिला आपण निर्जीव म्हणतों तिच्याच हवालीं अखेर आपली सारी आठवण करून जातों.

म्हणूनच निर्जीवाला जीव देण्यापेक्षां दिलेला जीव परत घेणें अवघड. जपानी लोक जुन्या बाहुल्या टाकून देत नाहींत. कित्येक देवळांत त्यांना विधिपूर्वक निरोप देण्याची चाल आहे. आम्हां मराठवाड्यांतील माणसांना ह्यांत नवल वाटावयास नको. आमच्या घरीं महालक्ष्म्या येतात त्या पाहुण्या म्हणून नव्हे, तर माहेरवाशिणी म्हणून. दारापासून त्यांचीं पावलें उमटतात, त्यांना घर दाखवितात, साडी नेसवून उभ्या करतात. दुसऱ्या दिवशीं पुरणपोळी, सोळा भाज्या आणि आंबील ह्यांचा नैवेद्य होतो. ते तीन दिवस मुखवट्यांना मुखवटे म्हणण्याची घरांत कोणाचीहि छाती नसते. तिसऱ्या दिवशीं अक्षता पडतात, पुन्हां येण्याची विनंती होते, आणि मगच मुखवटे हलतात. बोलाविलें तें मानानें आणि पाठविलें तेंहि मानानें. ठकीला आम्हीं पेटींत घातलें तें असा निरोप देऊन नव्हे. तिच्यापासून तोंड चुकवून. त्या जपानी मुलाला निदान प्रश्न पत्रानें विचारला गेला होता आणि त्यानें उत्तर दिलें. आम्हांला तोच प्रश्न अक्का दरवर्षीं विचारीत होती, आणि आम्ही हंसत होतों.

नातीला आम्हीं सांगितलें, "हिला चावी नसते. हिचा हात तेवढा बसवायचा राहिला आहे."

"मग चला," ती म्हणाली.

घरांत स्त्रियांची धांवपळ चालू होती. आमची कोणाला गरज नव्हती. कुंडलिका ओलांडून आम्ही दोघें कादराबादेंत एका सुताराकडे गेलों. दारें-खिडक्या करणारा माणूस. ठकी हातांत घेऊन तो थोडा वेळ पाहतच राहिला. मग विचारता झाला, "घाई आहे का?"

"आहे," आम्हीं सांगितलें.

त्यानें सागवानाचा एक तुकडा घेतला, तासला, खांद्याला भोंक पाडून खुंटी ठोकली. सारें काम अर्ध्या तासाचें होतें. नवा हात डाव्यापेक्षां किंचित् लांब झाला, आणि जुन्या काळवंडलेल्या अंगावर त्याचें नवें लांकूड उठून दिसूं लागलें. नात म्हणाली, रंग देऊं. आम्हीं नको म्हटलें. उशीर झाला होता तो दिसला तर दिसूं द्यावा.

त्या संध्याकाळीं महालक्ष्म्या आल्या आणि ठकी आराशींत आपल्या जुन्या जागीं बसली. सूनबाईंनीं तिच्याकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां तिच्यापुढें हळदीकुंकवाचें बोट ठेविलें. तिसऱ्या दिवशीं देवींवर अक्षता पडल्या, तेव्हां नातीनें हळूच विचारलें, "हिच्यावरपण टाकायच्या का?" आम्हीं नाहीं म्हटलें, तिला कोठें पेटींत जावयाचें होतें? ती पुण्यास जावयाची होती.

निघतांना नात गाडीच्या खिडकींतून डोकावून म्हणाली, "आजोबा, हिचा डावा हातपण हलतोय. तोपण नीट करून घ्यायला हवा."

"उद्यां" हा शब्द आमच्या ओंठांपर्यंत आला होता. तो गिळून आम्हीं म्हटलें, "दिवाळीला घेऊन ये." आणि घरीं परत येतांच दिनदर्शिका काढून आम्हीं त्या तारखेभोंवतीं खूण केली.