कॉलम छोटा आहे, माय!

बँकेत बावीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाचा एका गोष्टीवर ठाम विश्वास बसतो. जे फॉर्मवर नाही, ते जगात नाही. माझाही बसला होता. तो उडवून लावायचं श्रेय माझ्या आजीचं.

आजी भिवापूरची. सगळं घर तिला 'माय' म्हणायचं. सुना, नातवंडं, सालदार, आणि रागात असले की खुद्द आबाजीसुद्धा. भिवापूर म्हटलं की मिरची, हे नागपूरकराला सांगायला नको. पूर्वी नागपूर-नागभीड या छोट्या लाइनच्या गाडीने आम्ही सुटीत जायचो. (ती गाडी २०१९ साली ब्रॉडगेजसाठी बंद झाली.) गाडी उमरेड सोडून पुढे निघाली की कोणता हंगाम आहे हे शिंकांवरून कळायचं.

मायचा दिवस पहाटे चारला सुरू होई. शेणपाणी, चूल, सालदाराची भाकर हे सगळं आटोपून सूर्याच्या आधी ती वावरात हजर. पावसाळ्यात रोप टाकायचं, मग लावण, निंदण, आणि दिवाळीनंतर तोडे. एक तोडा संपतो न संपतो तो दुसरा. मग मिरची वाळवायची, देठ खुडायचे. संध्याकाळी तिच्या हातांची अशी आग होई की ती ताकात बोटं बुडवून बसायची आणि तशीच सर्वांना हुकूम सोडायची. आबाजी हे घराचे राष्ट्रपती होते. सही त्यांची, राज्य मायचं.

हिशेब मात्र भिंतीवर. मायला अक्षर येत नव्हतं. तोडणीच्या प्रत्येक बाईची एक खूण, कुणाची बांगडी, कुणाची बकरी; आणि पुढे कोळशाच्या रेघा. दिवाळीला भिंत पोतारली की जुनं खातं बंद, नव्या भिंतीवर नवं. आमच्या बँकेला मार्चअखेर जे जमत नाही, ते ती एका कुंच्यात करायची.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी ती भिंत वहीत उतरवली. डेबिट-क्रेडिट मांडलं. अकरा रुपये जुळेनात! दोन दिवस खपलो. शेवटी विजयी मुद्रेने म्हटलं, "माय, तुझ्या हिशेबात अकरा रुपयांचा घोळ आहे."

"घोळ नाई बाबू," ती म्हणाली. "बकरीवालीचं पोट्टं बिमार होतं. तिले देले. असे पैसे भितीवर लिवत नसतेत."

कॉमर्सच्या पुस्तकात हा नियम मला आजवर सापडलेला नाही.

१९९२ साली सरकारने लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागणार. मूळ कार्यक्रम शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा. मी तेव्हा तेरा वर्षांचा. पेपर मोठ्याने वाचून दाखवला. आबाजी मनाने उदार. म्हणाले, "चढवून टाकू वो तुमचं नाव. उद्याच जातो."

"उद्या तोडा हाय," माय म्हणाली. "बैलगाडी लागन. एवढा तोडा होऊ द्या."

तो तोडा झाला, दुसरा झाला. मिरचीला तोडे असतात हे मी सांगितलंच आहे.

२००५ साली आबाजींची ऊठबस बंद झाली. वावराला पैसा हवा होता. माय थेट माझ्या बँकेत आली, माझ्याच काउंटरवर. मी नवा कारकून. नियम ताजे पाठ केलेले. विचारलं, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?"

जिच्या मिरचीवर माझी फी भरली गेली, तिला मी हे विचारलं. माय माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "जाऊन मिरचीले पुस."

कर्ज शेवटी आबाजींच्या सहीने झालं आणि मायच्या मिरचीने फिटलं. शरमेपोटी मी तिचं बचत खातं उघडून दिलं. व्यवसायाच्या रकान्यात सवयीने 'गृहिणी' लिहिलं.

"काय लिवलं?"

"घर सांभाळणारी."

"अन् वावर कोन सांभाळते? तुहा बाप?"

"कॉलम छोटा आहे, माय," मी म्हणालो. माझ्या नोकरीतलं हे सर्वांत लाजिरवाणं वाक्य.

पासबुक तिने तिखटाच्या डब्यात ठेवलं. चोराने हात घातला तर शिंकेल, हा हिशेब.

पुढच्या वर्षी आबाजी गेले. वारस म्हणून मायचं नाव सातबाऱ्यावर लागलं. मी उतारा वाचून दाखवला. तिने त्या कागदावरून बोट फिरवलं. "माहं नाव आलं, पन त्यायचं गेलं," एवढंच म्हणाली.

२०१६-१७ या आर्थिक वर्षात भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं. तोवर चुरडा-मुरड्याने आणि संकरित वाणांनी मूळ मिरची मागे पडली होती. पुष्कळ वावरांत कापूस-सोयाबीन उभं होतं. मानांकन म्हणजे काय हे मी मायला समजावलं.

"म्हंजे मिरचीचं नाव चढलं सातबाऱ्यावर," ती म्हणाली. "तेई पीक सरत आल्यावर. बाईसारखंच झालं बाप्पा!"

माय गेली त्यानंतर तिचं खातं बंद करायला मीच फॉर्म भरला. व्यवसाय : शेतकरी. आमचे साहेब काटेकोर. म्हणाले, "रेकॉर्डला गृहिणी आहे. बदलाला काही पुरावा?"

मी पासबुक त्यांच्यापुढे उघडून धरलं. साहेब तीनदा शिंकले, डोळे पुसले आणि मुकाट्याने सही केली.